गंधकाशिवायचं पिंप

मोल्डोव्हातल्या त्या गावात ग्रिगोरेच्या घरची वाइन सगळे चवीने प्यायचे, फक्त त्याची सून इलिंका पेल्याला नुसते ओठ लावायची. वाइन टिकावी म्हणून घातलेल्या गंधकाच्या पावडरीने तिला धाप लागायची. यंदा ग्रिगोरेने कोणालाही न सांगता एक पिंप पावडरीशिवाय भरलं. ईस्टरला उघडलं, तर वाइन आंबून गेलेली.

"यात पावडर नाही घातली," तो पुटपुटला.

"म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीत का?" बायको म्हणाली. "कोणासाठी केलात हा उद्योग?"

इलिंकाने पेला काठोकाठ भरून घेतला आणि तोंड वाकडं न करता सावकाश संपवला.

"कशी आहे गं?" ग्रिगोरेने भीतभीत विचारलं.

"धाप नाही लागली, बाबा," ती म्हणाली आणि पेला पुन्हा पुढे केला.