निकाल यापुढे लागू

रत्नप्रभाबाईंचा अर्ज चार ओळींचा होता. मुलीचं, अलकाचं, लग्न आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आहे, मंडळाचा हॉल मिळावा. त्या चार ओळींवर जयपूरच्या मराठी मंडळाची कार्यकारिणी सकाळपासून सव्वादोन तास बसली होती आणि चर्चा अजून दिल्लीच्या संसदेतून बाहेर आली नव्हती.

अडचण कलम सातची. मंडळाच्या मूळ घटनेत हॉलचा हक्क 'सभासद कुटुंबाला' होता. एकसष्ट साली कार्यकारिणीने दुरुस्ती करून तो 'हयात सभासदाला' केला. का केला, ते आता कोणालाच आठवत नव्हतं. रत्नप्रभाबाईंचे यजमान दिवाळीनंतर गेले. तेव्हा त्यांच्याबरोबर हॉलही गेला, असं अध्यक्ष आप्पासाहेबांचं म्हणणं पडलं.

विम्यातल्या उमाकांतांनी बाईंची बाजू घेतली आणि तिथेच घात झाला. यंदा, सदुसष्टच्या फेब्रुवारीत, मूलभूत हक्कांवर सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यापासून ते त्याचं कात्रण खिशात घेऊन हिंडत. राजा पार्कात भाजी घेणाऱ्याला गाठून वाचून दाखवत. आज पहिल्यांदाच समोरच्यांना पिशवी उचलून निघून जाता येत नव्हतं.

मूलभूत हक्क कमी करायचा अधिकार खुद्द संसदेला नाही, मग आपल्या कार्यकारिणीला कुठून आला, असा त्यांचा सवाल होता. हॉल हा मूलभूत हक्क कधीपासून झाला, असं आप्पासाहेबांनी विचारलं. जयपुरातल्या मराठी माणसाला तेवढा एकच आहे, असं उमाकांत म्हणाले. मग पाऊण तास दिल्लीवर गेला. कोर्टात सहा न्यायमूर्ती एका बाजूला होते, पाच दुसऱ्या. आप्पासाहेब त्या पाचांच्या बाजूने होते. पाचांना याची कल्पना नव्हती.

"आवो, त्या दिवशी हॉल रिकामा हाय का न्हाय, तेवढं सांगा की," छावणीतले सुभेदार ज्ञानोबा म्हणाले.

हॉल रिकामाच होता, पण प्रश्न हॉलचा नाही, घटनेचा आहे, असं त्यांना दोन्ही बाजूंनी एकदम सांगण्यात आलं.

रत्नप्रभाबाई दाराजवळच्या बाकावर बसून होत्या. मांडीवर लग्नपत्रिका, पत्रिकेवर याच हॉलचा पत्ता. पत्रिका नागपूरला पोचल्या, वऱ्हाडाची तिकिटं निघाली, आखातीजेला गावात एक धर्मशाळा रिकामी नाही, सांगानेरपर्यंत विचारून झालं, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा आप्पासाहेबांनी ते इतिवृत्तात घ्यायला लावलं.

शेवटी मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. उमाकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकसष्टची दुरुस्ती बेकायदा ठरली आहे," आप्पासाहेबांनी कडू तोंडाने जाहीर केलं. रत्नप्रभाबाई उठल्या.

"बसा वहिनी, निकाल अजून पुरा व्हायचाय," उमाकांत म्हणाले आणि त्यांनी कात्रण उलटलं. मागच्या बाजूला होतं ते असं: जुन्या दुरुस्त्या चुकीच्या असल्या तरी त्यांना धक्का लावायचा नाही, नवा नियम यापुढे लागू. नाहीतर इतक्या वर्षांचा सगळा कारभारच उलटापालटा व्हायचा. आप्पासाहेबांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. हे मात्र शहाणपणाचं आहे, असं त्यांनी मान्य केलं. दोघांचं एकमत झालं.

"मतलब?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मतलब, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण यापुढे," उमाकांत समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमचे यजमान जुन्या दुरुस्तीत गेले. आजपासून जे सभासद जातील, त्यांच्या कुटुंबाला हॉल मिळेल."



आप्पासाहेबांच्या पत्नी इंदुबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आजपासून का, भाऊजी?"

"आजपासून."

"आणि मिळालेला हॉल त्या कुटुंबाने दुसऱ्या कोणाला वापरायला दिला तर?"

उमाकांतांनी घटना चाळली. तशी मनाई कुठे नव्हती.

इंदुबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि बोटांवर मोजलं. "आखातीजेला बारा दिवस आहेत. सुतक दहा दिवसांचं. म्हणजे दोन दिवस उरतातच."

मग त्यांनी आप्पासाहेबांचा कप पुढे ओढला. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केल्याला सहा वर्षं झाली होती. इंदुबाईंनी एक चमचा साखर घातली. दुसरा घातला. तिसरा शीग लावून घातला आणि सावकाश ढवळलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "गार होतोय."

आप्पासाहेब कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी कप तसाच ठेवून रत्नप्रभाबाईंचा अर्ज पुन्हा जवळ घेतला.