मऊ की कडक

गॅरेजातल्या मिस्त्रीने बाकावर गाडीचे दोन शॉकअप शेजारी शेजारी ठेवले आणि हात पुसत विचारलं, "हे मऊ, हे कडक. बोला भाऊ, कुठले बसवू?"

"मऊ," नवऱ्याने प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगून टाकलं. "अगदी लोण्यासारखे बसवा. हिच्या पाठीला धक्का नको."

ती स्टुलावर बसली होती. मांडीवर उशी. ही उशी नवऱ्यानेच घरून आणली होती, पिकअपमध्ये तिच्या पाठीशी ठेवायला. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती आणि उशी असा जोडीनेच प्रवास चालला होता. त्याआधी हीच पिकअप ती स्वतः चालवायची. दोघांची रोपवाटिका होती. तो रोपं वाढवायचा आणि ती गिऱ्हाइकांच्या दारात पोचवायची. कुंड्यांनी भरलेली गाडी ती अरुंद बोळात उलटी घ्यायची, तेव्हा लोक हातातली कामं सोडून बघत राहायचे.

आता गाडी नवरा चालवत होता. चालवत होता म्हणजे, गाडी जात होती आणि तो आत होता. खड्डा किंवा वळण दिसलं की त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधी डोळे मिटायचे. रोपवाटिकेच्या कुंपणाशी तडकलेल्या कुंड्यांची रांग वाढत चालली होती, आणि जुने शॉकअप तेल गाळायला लागले होते.

डॉक्टरांनी तिला गाडी चालवायची परवानगी केव्हाच दिली होती. तिनेच किल्ली मागितली नव्हती. एखादा धक्का बसला आणि पुन्हा अंथरूण धरावं लागलं तर? ही भीती तिच्या मनातून जात नव्हती. ती हे बोलत नव्हती आणि तो विचारत नव्हता. निदान शेजारी बसून तरी ती सुखाने फिरेल, एवढं त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

मऊ शॉकअप बसले. त्यासाठी कुंड्या आणि मातीच्या गोण्या उतरवून भिंतीशी लावल्या होत्या, म्हणून नवरा रिकामीच गाडी घेऊन चौकाला वळसा घालून आला. उतरला तो लॉटरी लागल्यासारखा.

"रस्ता आहे की गादी, कळतच नाही! चल, बसून बघ."

ती उठली नाही. "आधी माल चढवा."

"अगं, शॉकअप तुझ्यासाठी घेतोय, मातीसाठी नाही."

"चढवा तर खरं."

नवऱ्याने आधारासाठी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीचं स्वतःच्या घरी कधी काही चाललं नव्हतं, त्यामुळे तो मुकाट्याने गोण्या उचलायला लागला.

भरलेली गाडी निघाली. ती उशी स्टुलावर ठेवून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. सरळ रस्त्यावर ठीक होतं. चौकात वळताना मात्र गाडी एका अंगाला कलली, सावरली आणि मग दुसऱ्या अंगाला कलली. कुंड्यांचा खणखणाट इथपर्यंत ऐकू आला. तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रीने ते पाहिलं.

"जरा डुलते," नवरा उतरता उतरता म्हणाला, "पण बसायला काय मस्त आहे!"

"मऊ नकोत," ती म्हणाली. "बसणाऱ्याला बरे आहेत. चालवणाऱ्याच्या हातात गाडी राहत नाही."

"चालवणारा मी आहे ना! मी घेईन सांभाळून."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. पडला तेव्हा डोळे भरून आले, ते त्याने रस्त्यावरच्या धुळीच्या नावावर खपवले.

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. "गाडी कोण चालवणार, हे विचारायचंच राहिलं की! वहिनी, मग कडक घालू?"

"कडक घातले तर रिकामी गाडी उडेल. माल टाकून परत रिकामीच यायचं असतं ना. मधले नाहीत का?"

मधले होते. मिस्त्री आतून घेऊन आला. पुन्हा गोण्या उतरल्या, मऊ निघाले, मधले बसले, पुन्हा गोण्या चढल्या. या वेळी गोण्या नवऱ्याने स्वतः वाहिल्या.

मिस्त्रीने सवयीने किल्ली नवऱ्यापुढे धरली, मग जीभ चावून तिच्यापुढे केली. तिने ती घेतली.

ती स्टिअरिंगमागे बसली, पण पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट नवऱ्याच्या लांब पायांच्या मापाने मागे गेलेली होती. तिने खालचा दांडा ओढून ती खटकन पुढे घेतली. आरसा आपल्या नजरेला लावून घेतला.

नवरा उशी घेऊन पलीकडच्या दाराशी उभा होता. "ही पाठीशी..."

"ती तुम्हीच घ्या," ती म्हणाली. "आणि वळणावर डोळे मिटू नका."

तो उशी छातीशी धरून शेजारी बसला. चौक जवळ आला, गाडी वळायला लागली आणि त्याचे डोळे मिटलेच. मागून एकाही कुंडीचा आवाज आला नाही.