सँडविचपेक्षा खेकडा बरा

"फोन स्पीकरवर टाक," कप्तान म्हणाले. "आणि नीट विचार तिला. अंदाजपंचे नको."

त्यांच्या बायकोनं ओल्या हातानंच बटण दाबलं. पलीकडे तिची धाकटी बहीण होती, एका मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ. मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातलं चिकन सँडविच हवं होतं आणि कप्तानांनी बंदरावरच्या ओळखीतून खेकडे आणले होते. आठवड्यानं जहाज कंपनीचे डॉक्टर मुलाचा रक्तदाब पुन्हा मोजणार होते. मागच्या वेळी तो जरासा वर निघाला होता. या वेळी उतरला तर नोकरी, नाहीतर जागा दुसऱ्याला. पुन्हा संधी नव्हती.

धाकटीनं दोघांचं प्रगतिपुस्तकच वाचून दाखवलं. सँडविचमध्ये प्रथिनं असतात, नाही असं नाही, पण त्यांच्यासोबत तळणीचं तेल, पाव, सॉस, खारवलेली काकडी असं सगळं वऱ्हाड पोटात जातं. खेकड्यात प्रथिनं भरपूर, चरबी नावाला, शिवाय जस्त आणि बी-बारा. फक्त तो समुद्रातला, मीठ स्वतःचं घेऊनच येतो. तेव्हा उकडताना वरून चिमूटभरही नको.

"सँडविचमध्ये मीठ किती गं? चमच्याच्या हिशेबात सांग."

"अर्ध्या चमच्याच्या वरच जाईल, ताई. एकाच सँडविचमध्ये."

"आणि तेवढं रोज जास्तीचं खाल्लं तर? कायमचं काही बिघडतं का?"

"त्याच्या वयात आठवड्याभरानं नाही बिघडत. बंद केलं की उतरतं. पण ते मोजणार आठवड्यानंच ना? उगाच लाड करू नकोस."

"ऐकलंस का?" कप्तानांनी दाराकडे बघून विचारलं.

दारात उभा असलेला मुलगा "ऐकलं" म्हणाला आणि आत गेला. तो मुळातच कमी बोलायचा. जहाजाचा विषय निघाला की त्याहून कमी.

कप्तान खरे कप्तान नव्हते. उभा जन्म त्यांनी इंजिनाच्या खोलीत काढला होता, पण गल्लीनं दिलेली बढती त्यांनी नाकारली नव्हती. लग्नानंतरची निम्मी वर्षं ते पाण्यावर आणि ती फोनपाशी. मुलगा बोलायला लागला तेव्हा फोनलाच बाबा म्हणायचा. हा किस्सा कप्तान पाहुण्यांना हसून सांगत. ती त्या वेळी चहा बघायला उठे.

मुलाला जहाज मिळणार हे त्यांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. नवी बॅगही आणली होती. रक्तदाब मोजायचं यंत्र घरीच घेऊ म्हणत होते, पण धाकटीनं मोडता घातला. सारखं मोजलं की धास्तीनंच वाढतो, म्हणाली.

मग आठवडाभर रोज संध्याकाळी खेकडा. ती ओट्यापाशी कोणाला उभं राहू देत नव्हती. झाकण हातातून निसटायचं, चिमटा सापडायचा नाही. एकदा वाफेनं मनगट भाजलं तरी तिला ते नंतर कळलं. रात्री कूस बदलत राहायची. कप्तान म्हणायचे, अगं परीक्षा त्याची आहे, तुझी नाही.

नांग्या फोडायला कप्तानांनी स्वतःची पक्कड साबणानं धुऊन दिली होती. ते समोर बसून नुसते बघायचे. त्यांना खेकडा चालत नसे, अंगभर पित्त उठायचं. मुलगा मान खाली घालून शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा.

"बघ, सँडविचचं नावसुद्धा काढत नाही," कप्तान म्हणाले. "मनावर घेतलंय पोरानं."

तिनं ताट उचललं आणि नळ सोडला.

तपासणीच्या सकाळी ती नुसत्या चहावर निघाली. कंपनीच्या दवाखान्यात ती बाकाच्या अगदी टोकाला बसली. कप्तान शेजारच्या माणसाला बोटींच्या गोष्टी सांगत होते. आतलं दार उघडलं की ती आणि कप्तान दोघंही तिकडे बघायचे, आणि दुसरंच कोणी बाहेर यायचं.

अखेर मुलगा आला. शर्टाची एक बाही अजून वर दुमडलेली होती. डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा मोजला, तो म्हणाला. मागच्यापेक्षा जास्तच आहे. जागा पुढच्या मुलाला दिली.

कप्तान उठले. शर्ट सारखा केला आणि डॉक्टरांशी एक शब्द बोलून येतो म्हणाले. जाताना त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी याआधी कधी ठेवला होता, हे तिला आठवेना.

दार बंद झालं. मुलगा तिच्याजवळ सरकला. तिनं त्याची दुमडलेली बाही खाली केली. बटण लागेना.

"फार जास्त आहे का रे?" तिनं विचारलं. "डोकंबिकं दुखतंय का?"

"काही नाही दुखत. मावशी म्हणाली ना, बंद केलं की उतरतं."

तिचा हात थांबला. मुलगा बंद दाराकडे बघत होता.

"पण आई, इतकं मीठ घालतं का कोणी? बाबांनी एक घास जरी घेतला असता ना, तर आपण दोघंही सापडलो असतो."