हिरवी वाटी

तीन लाख वाट्यांमधली एकच हिरवी चमकली, तशी निशिगंधाने सूक्ष्मदर्शकापाशी खुर्ची सरकवून शेवंतामावशींना बसवलं. मऊ, जेलीसारख्या पदार्थाच्या या वाट्या धुळीच्या कणाएवढ्या. एकीत एकच पेशी बसेल अशा बेताने निशिगंधा त्या साच्यातून घडवायची. पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात. त्या शोधता येऊ लागल्यापासून लेकरं गमावलेल्या आया प्रयोगशाळेत रांगा लावत होत्या.

मावशींची सुमन सोळाव्या वर्षी तापाने गेली, त्याला बावीस वर्षं झाली होती.

"ही माझी सुमन?" भिंगावरून डोळा न काढता मावशींनी विचारलं.

"तिचीच पेशी. जिवंत आहे."

"एकटीच?"

"वाटीत एकच मावते, मावशी. दोन आल्या तर कुणाची कुठली ते कळत नाही."

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, रक्त काढलेल्या दंडावरचा कापूस काढला आणि हात पुढे केला.

"बघून झालं. घाला आता परत."

हे आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. निशिगंधाने नकारार्थी मान हलवली. "ओळखायला रंग लावलाय तिला. परत नाही सोडता येत. संध्याकाळपर्यंतच टिकेल ती. पण तुमच्या रक्तात आणखी असतीलही."

मावशींचा हात तसाच पुढे राहिला.

"बावीस वर्षं माझ्यापाशी सुखात होती गं," त्या म्हणाल्या. "मीच काढली बाहेर."