गाडीले माणूस लागते

सारिकाने पान्यावर सगळा जोर लावला आणि ऑइलचा नट सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला.

गाडीखाली उताणं पडलं की डावं-उजवं डोक्यात उलटं होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारा होता, पण त्याच्या लेखी सारिकाची जागा वर, सीटवर. ऑइल बदलायचं असलं की तिचा नवरा, धम्मरत्न, लुंगी खोचून गाडीखाली शिरायचा आणि ती स्टेअरिंगशी बसायची. सगळं झालं की खालून आवाज यायचा, "मार!" मग तिने सेल मारून गाडी चालू करायची. इंजिन चालू असताना नट टिपकतो का, ते तो खालून पाहायचा आणि ओरडायचा, "बंद कर वं!" मग तिने किल्ली फिरवायची. ऑइलचं तिचं शिक्षण एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला. मेहकरहून धाकटा दीर राजकुमार बोलत होता.

"झालं काय, वहिनी?"

"करून राह्यली."

"काऊन जिवाले तरास करून घेता? गाडीले माणूस लागते घरात."

"मंग मी कोण आहो? मांजर?"

राजकुमार हसला नाही. "कालचं बोलणं ध्यानात आहे ना? गाडीखाली एक थेंब दिसला, तं मी संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन येतो. मंग नाही म्हणायचं नाही."

"आणजा," ती म्हणाली. "थेंब दिसला तं."

राजकुमार तसा वाईट नव्हता. भाऊ गेल्यापासून त्याला वहिनीची काळजी होती, पण त्याची काळजी म्हणजे घरातली एकेक वस्तू कमी करणं. धम्मरत्नची मोटरसायकल त्यानेच विकून दिली होती. आता गाडीही गेली, तर नवऱ्याचं म्हणून घरात भिंतीवरचा फोटो तेवढा उरणार होता. आणि फोटो काही खालून ओरडत नाही.

सारिकाने पाना काढला, दुसऱ्या बाजूने लावला आणि हाताने जमेना तेव्हा टाच मारली. नट करकरला. हा धम्मरत्नच्या हाताने आवळलेला होता. त्याच्या हातचं आणखी एक काही आपण सोडवतोय, असं तिच्या मनात आलं. पण ऑइल कोणासाठी थांबत नाही. नट निसटून घमेल्यात पडला, काळं ऑइल थेट तिच्या कोपरापर्यंत ओघळलं आणि रडायचं राहूनच गेलं.

"फेकू नको माय ते!"

शेजारची पंचफुलाबाई भिंतीवरून डोकावत होती. हातात रिकामा डबा होता.

"चौकटीले वाळवी लागली. धम्मा ठेवत जाय मह्यासाठी काळं आईल."

"घेऊन जाजा, मावशी."

"एकटीच करून राह्यली काय वं? काही धरू लागू?"

"काही नाही. होते माह्यानं."

ती हे इतक्या तोऱ्यात म्हणाली, की पंचफुलाबाईने डबा भिंतीवर ठेवला आणि पिशवी घेऊन बाजाराची वाट धरली.

मग सारिकाने नवा फिल्टर बसवला. नट पुसून लावला आणि हात दुखेपर्यंत आवळला. वरून नवं ऑइल ओतलं, ऑइल मोजायची पट्टी बुडवून पाहिली, पुसून पुन्हा पाहिली. नटाच्या बरोबर खाली जुना पेपर अंथरला. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला आणि सीटवर बसून किल्लीला हात घातला.

आणि ती तशीच बसून राहिली. पलीकडच्या घरात कुकरची शिटी झाली. आपण कशासाठी थांबलोय, हे तिला लगेच समजेना. मग समजलं. ती "मार!" ऐकायची वाट पाहत होती.

तिने भिंतीकडे पाहिलं. पंचफुलाबाईचा डबा तेवढा तिथे होता. गाडीला माणूस लागतो, हे राजकुमारचं खरंच होतं. पण एक वर आणि एक खाली, असे दोन लागतात, हे त्यालाही कुठे ठाऊक होतं!

तिने सेल मारला. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. दार उघडंच टाकून ती धावत पुढे गेली, जमिनीवर आडवी झाली आणि गाडीखाली डोकावली.

पेपर कोरडा होता. तिने वाट पाहिली. इंजिन थरथरत होतं, तापत होतं, आणि पेपर कोरडाच होता. लांबून हात घालून तिने नटावरून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. फिल्टरभोवती फिरवलं, तेही कोरडं. आता संध्याकाळी कोणी गिऱ्हाईक येणार नव्हतं. गाडी घरात राहिली होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने राखली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला मोठ्याने कोणाला तरी काही सांगावंसं वाटलं.

"नाही टिपकत!" ती खालूनच ओरडली. "बंद कर वं!"

गाडी चालूच राहिली.