रश्तच्या रेशमाचा धागा

"आधी तुमच्या घरातली बाई बसवा त्या यंत्रापुढे, मिर्झा! मग आमच्या मागा."

रेशमाच्या कोषांचे व्यापारी हाजी रजबअली असं म्हणाले आणि बैठकीत हशा पिकला. मिर्झा यदुल्लांनी चहाचा पेला ओठांना लावला.

एरवी ते ऐकून घेणारे नव्हते. तिफ्लिस शहरातले कारखाने पाहून परतल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. इराणच्या या गीलान प्रांतातले कोष जहाजं भरभरून परदेशी जातात आणि कापड होऊन महागात आपल्याच अंगावर येतात. धागा इथेच, रश्तमध्ये निघाला पाहिजे. देश भाषणांनी नाही, कारखान्यांनी उभा राहतो, हे भाषण मात्र ते रोज घरच्या बैठकीत तावातावाने करत. वडिलोपार्जित बाग विकून त्यांनी यंत्रं आणली. आता कोष उकलायला बायकांची सराईत बोटं हवी होती. आणि गावात आवई उठली होती की कारखान्यात गेलेल्या बाईची अब्रू राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात बंब पेटला. पाण्याला वाफ आली. बाकं रिकामीच. फाटकाबाहेर बायका घोळक्याने उभ्या होत्या, आत पाऊल कुणी टाकेना.

"काय मिर्झा, आता या वाफेवर भात शिजवायचा का?" फाटकाबाहेरून हाजी ओरडले.

तेवढ्यात घोळक्यातून काळी चादर ओढलेली एक बाई निघाली आणि तडक दाराशी आली. चालीवरूनच मिर्झांनी ओळखलं. मुनव्वर, त्यांची बायको! त्यांचा चेहरा पडला. त्यांनी दारावर हात आडवा धरला.

"घरी जा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

ती जागची हलली नाही. अख्खं रश्त बघत होतं. बऱ्याच वेळाने मिर्झांचा हात खाली आला.

मुनव्वर पहिल्या बाकावर बसली. गरम पाण्यात बोटं घालून तिने कोषाचं टोक शोधलं आणि चाकाला लावलं. मागोमाग एक विधवा आत आली. मग दोघी बहिणी. दुपारपर्यंत बाकं भरली, आणि हाजी कधी निघून गेले ते कुणाला कळलंही नाही.

मिर्झा संकोचून बायकोजवळ गेले.

"माझे विचार तुला इतके पटले होते? कधी बोलली नाहीस."

"पडद्यामागून रोज ऐकत होते, आगा," धाग्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "मला केव्हाच पटले होते. तुम्हाला आज सकाळी पटले."