ब्रेकची हवा

ट्रकच्या ब्रेकची हवा कमी झाली की बझर वाजतो ना, त्याचा हुबेहूब आवाज मी तोंडाने काढतो. बायकोने "नीट शिकवा हो त्याला" म्हणून सोपवलेला मेहुणा स्टिअरिंगवर असला की हमखास! बिचारा दचकून गाडी कडेला घेतो, हवेचा काटा बघतो, काटा एकदम ठीक. मी पोट धरून हसतो.

आज भरलेली गाडी घेऊन उतार उतरत होतो आणि बझर वाजला. मेहुण्याने काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"वाजवा भाऊजी, वाजवा! आता नाही फसत मी."

काटा लाल पट्ट्यात घसरला होता. आणि काट्याकडे न बघायला त्याला मीच शिकवलं होतं.



माझ्या तोंडात तर पाण्याचा घोट होता.